‘तेवढं सही मारून सोड की’ : मन अडतं तिथे काम का अडतं?

समजा, महिन्याची २८ तारीख आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या (लोखंड ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या) आवारात पुण्याला जाणारा ट्रक लागलाय. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या १२० बॉडी आज जायच्या आहेत. तपासणीच्या टेबलावर बसलेल्या मुलाला ९ नगांत ब्लो होल, म्हणजे ओतकामात वायू अडकून पडलेली भोकं, दिसतात. त्यातल्या चारांत कुणीतरी पुट्टी भरून, ग्राइंडर फिरवून, वरून प्राइमर मारलाय. तो टेस्ट सर्टिफिकेटवर सही करत नाही. प्रॉडक्शनचा सुपरवायझर येतो. तो ओरडत नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘तेवढं सही मारून सोड की. तारीख बघ आज काय हाय.’

या एका वाक्यात दोन मागण्या आहेत. टेबलावर बसवताना मुलाला सांगितलं होतं की सदोष माल बाहेर जाऊ द्यायचा नाही. आता सांगितलं जातंय की माल बाहेर गेलाच पाहिजे. दोन्ही हुकूम एकाच कंपनीचे आणि ते पाळणारा माणूसही एकच. नोकरीतला नैतिक कसोटीचा प्रसंग बहुतेक वेळा असाच येतो. त्यात पैशांचं पाकीट नसतं, धमकी नसते. ओळखीचा आवाज असतो आणि पाच वाजून गेलेले असतात.

सही केली तर काय होईल, याचं उत्तर बेळगावच्या कुठल्याही जुन्या मोल्डरला (साचे बनवणाऱ्याला) ठाऊक असतं. वाळूत ओलावा राहिला, कोअर (पोकळ भागासाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) नीट भाजला गेला नाही किंवा साच्याला वायू बाहेर जायला वाट ठेवली नाही, की ओतलेल्या लोखंडात वायूचा बुडबुडा अडकतो. पावसाळ्यात हे प्रमाण वाढतं. पृष्ठभागावर दिसणारं भोक हे आत पसरलेल्या पोकळीचं तोंड असू शकतं. अशा बॉडीतून २०० बारच्या आसपास दाबाचं तेल फिरायला लागलं की पुट्टी टिकत नाही. तेल झिरपतं, दाब पडतो आणि वर उचललेलं वजन खाली येतं. त्याखाली कोण उभं असेल, हे बेळगावात बसून कळत नाही.

पण इथे मुख्य प्रश्न त्या बॉडीचा नाही, सही करणाऱ्या मुलाचा आहे. पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात त्याच्या कामाचं काय होतं? मालकांना वाटतं, सही झाली, ट्रक गेला, विषय संपला. खरं तर नुकसान तिथून सुरू होतं.

पेच, घुसमट आणि मोह

या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची सरमिसळ झाली की उपायही चुकतो.

पेचात दोन्ही बाजूंना काहीतरी बरोबर असतं. दोन रुग्ण आणि एकच नर्स, आधी कुणाकडे जायचं, हा पेच. इथे विचार करावा लागतो, चर्चा करावी लागते.

घुसमट वेगळी. काय बरोबर आहे हे माणसाला स्पष्ट माहीत असतं, पण ते करायला व्यवस्था, वरिष्ठ किंवा परिस्थिती वाट देत नाही. अमेरिकेतल्या अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने १९८४ साली परिचारिकांच्या कामाबद्दल लिहिताना हा फरक पहिल्यांदा नेमका मांडला. त्या मुलाला ‘काय करावं’ हा प्रश्न पडलेलाच नाही. त्याला माहीत आहे. म्हणूनच त्याला नीतिमत्तेवर भाषण देऊन उपयोग नसतो. त्याच्यापुढची वाट मोकळी करावी लागते.

मोह म्हणजे स्वतःच्या फायद्यासाठी वाकडं करावंसं वाटणं. त्याला हिशेबतपासणी, कॅमेरा आणि शिस्त हे उपाय आहेत. आपल्याकडे गफलत होते ती अशी की घुसमटलेल्या माणसावर मोहाचे उपाय लावले जातात. जो सही करायला कचरतो त्याच्याच डोक्यावर कॅमेरा बसतो.

मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली कामाच्या ठिकाणच्या ‘भूमिकांच्या टकरी’चा अभ्यास मांडला. एकाच माणसाकडून परस्परविरोधी अपेक्षा केल्या की ताण वाढतो, कामातलं समाधान घटतं आणि ज्याच्याकडून तो दबाव येतो त्याच्याशी बोलणंच माणूस कमी करतो. यातला शेवटचा परिणाम सगळ्यात महाग पडतो. तपासणीवाला मुलगा सुपरवायझरशी बोलणं टाळायला लागला की ब्लो होलची बातमी भट्टीपर्यंत पोचतच नाही. ओला कोअर तसाच राहतो, आणि पुढच्या लॉटमध्ये नऊचे पंधरा होतात.

काम नेमकं कुठे गळतं

पहिली गळती लक्षाची. एका वेळी मोजक्याच गोष्टी डोक्यात धरता येतात. सही केलेला माणूस पुढचा नग तपासताना मागचा नग आठवत असतो. ‘त्या चारांतला एखादा परत आला तर?’ हा प्रश्न डोक्यातली जागा अडवून बसतो. मग व्हर्नियरचं माप दोनदा घ्यावं लागतं, हीट नंबर (नग भट्टीच्या कोणत्या ओतीतला, तो क्रमांक) लिहिताना आकडे उलटतात, एक रकाना राहून जातो. बाहेरून हे निष्काळजीपणासारखं दिसतं. मुळात तो काळजीचाच परिणाम असतो, फक्त ती काळजी चुकीच्या जागी अडकलेली असते.

दुसरी गळती झाकाझाकीची. खोटी नोंद कधीच एकटी राहत नाही. सर्टिफिकेटवर ‘लीकेज टेस्ट ओके’ लिहिलं की लीकेज टेस्टच्या रजिस्टरमध्ये १२० नोंदी हव्यात. रजिस्टर भरलं की टेस्ट घेणाऱ्याची वेळ जुळायला हवी. ग्राहकाचा ऑडिटर येणार असेल तर आधीचे दोन दिवस कागद जुळवण्यात जातात. हे सगळं काम पगारी वेळेत होतं आणि त्यातून एकही चांगला नग तयार होत नाही.

तिसरी गळती ओळखायला कठीण. माणूस स्वतःचं मत बदलून घेतो. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी १९५९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम करायला लावलं. मग पुढच्या माणसाला ‘काम मजेशीर आहे’ असं सांगायचे काहींना १ डॉलर दिले, काहींना २०. नंतर त्यांचं खरं मत विचारलं. २० डॉलरवाले म्हणाले, कंटाळवाणं होतं. १ डॉलरवाल्यांना मात्र काम बऱ्यापैकी आवडल्यासारखं वाटू लागलं होतं. २० डॉलरवाल्याकडे खोटं बोलण्याचं कारण तयार होतं, पैसे. १ डॉलरवाल्याकडे नव्हतं. म्हणून त्याने आपलं मतच बदललं.

आपल्या कारखान्यांतल्या सह्या बहुतेक १ डॉलरच्या असतात. एक चहा, खांद्यावर हात, ‘तूच आपला माणूस’. एवढ्यावर सही केलेला मुलगा स्वतःची समजूत घालू लागतो की एवढंसं भोक चालतं. सहा महिन्यांनी तो खरंच तसं मानायला लागतो आणि नव्या पोराला तेच शिकवतो. तपासणी करणारा डोळाच तुम्ही बिघडवलेला असतो. तो दुरुस्त करायला नवं मशीन घेऊन भागत नाही.

या सवयीचा शेवट जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिला. अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि आतले सातही जण गेले. बूस्टरच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीत कडक झाल्याने गरम वायू बाहेर निसटला. आधीच्या उड्डाणांतही ओ-रिंग झिजलेल्या आढळल्या होत्या. दर वेळी काही झालं नाही, म्हणून झीज ‘चालणारी’ ठरत गेली. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी उड्डाण नको असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या विभागप्रमुखाला त्याचेच वरिष्ठ म्हणाले की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची टोपी घाल. ‘सही मारून सोड की’चाच हा मोठा भाऊ.

चौथी गळती माणसांची. आधी कोण जातो, ते बघा. ज्याला काम उत्तम येतं आणि ज्याला त्याची चाड आहे तो. निपाणीच्या माणसाला कागलची एमआयडीसी रोज येण्याजाण्याच्या अंतरावर आहे. बेळगावातल्या कुशल तपासनीसाला कोल्हापूर, पुणे, गोवा सगळीकडे मागणी असते. ज्याला जाता येत नाही, घरचं कर्ज आहे, आईवडील आजारी आहेत, तो शरीराने राहतो आणि मनाने जातो. सांगितलं तेवढंच करतो. भट्टीचा आवाज बदललेला त्याला ऐकू येतो, पण तो सांगत नाही.

आळशी माणूस आणि अडलेला माणूस

मॅनेजरने हा फरक ओळखायला शिकलंच पाहिजे आणि तो ओळखता येतो. आळशी किंवा कौशल्यात कमी पडणारा माणूस सगळीकडे कमी पडतो. अडलेला माणूस एकाच कामात, एकाच तारखेला, एकाच माणसासमोर मंद होतो. बाकी पंचवीस दिवस त्याचं काम चोख असतं आणि डिस्पॅचच्या दिवशी तो दांडी मारतो. सर्टिफिकेटवर सही करायची वेळ आली की त्याला जेवायला जायचं असतं. पूर्वी तोंडी ‘ओके’ म्हणणारा अचानक प्रत्येक गोष्ट लेखी मागतो. पूर्वी रिजेक्शनवरून भांडणारा गप्प होतो.

शेवटची खूण लोक नेहमी उलटी वाचतात. भांडण थांबलं म्हणजे सुधारणा झाली, असं वाटतं. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुका मोजल्या, तेव्हा चांगल्या पथकांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. ती पथकं जास्त चुकत होती, असा त्याचा अर्थ नव्हता. तिथे चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून ती कागदावर येत होती. तुमच्या फाउंड्रीत सलग तीन महिने रिजेक्शन अचानक शून्याजवळ आलं असेल आणि भट्टी, वाळू, माणसं सगळं तेच असेल, तर पेढे वाटण्याआधी भंगाराचा ढीग आणि पुट्टीचा खप मोजा.

आपल्या भागातल्या गाठी

सीमाभागात या घुसमटीला काही खास गाठी पडतात. त्या कुठल्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात सापडत नाहीत.

एक म्हणजे भावकी-गावकी. इथे अजूनही बऱ्याच नोकऱ्या कुणीतरी शब्द टाकल्यामुळे लागतात. ज्या मामांनी शब्द टाकला तेच, किंवा त्यांचा मेव्हणा, पुढे सुपरवायझर असतो. त्याला ‘नाही’ म्हणणं म्हणजे गुणवत्तेबद्दल मतभेद राहत नाही. ते उपकार विसरणं ठरतं आणि रविवारी घरी निरोप येतो. बाहेरच्या माणसाकडे तक्रार नेली, तर ‘आपल्याच माणसाला तिकडच्यांपुढं उघडं पाडलं’ हा आणखी एक शिक्का. मराठी माणूस थोडा, कार्यालयं कन्नड, म्हणून आपसांत झाकून घ्यायची सवय इथे खोल आहे. ती सवय का पडली, हे समजतं. पण तिच्या आडोशाला गळकी व्हॉल्व्ह बॉडी आणि कापलेलं बोट दोन्ही दडतं.

दुसरी गाठ भाषेची. काम मराठीत चालतं, फॉर्म इंग्रजीत असतो, सरकारी नोटीस कन्नडात. सही करणाऱ्याला आपण कशाखाली सही केली, तेच कळत नाही. रुग्णालयात हे फार टोकाला जातं. चंदगड, खानापूर, दोडामार्गकडचे रुग्ण बेळगावात येतात. शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद इंग्रजी किंवा कन्नड, आजीला फक्त मराठी येतं, आणि नर्सला सांगितलेलं असतं की दहा मिनिटांत अंगठा घेऊन ये. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या निकालात स्पष्ट केलंय की संमती खरी असायला हवी. उपचार काय, कशासाठी, पर्याय कोणते, धोके काय, नकार दिला तर काय होईल, एवढं रुग्णाला पुरेसं कळलेलं असलं पाहिजे. अंगठा म्हणजे संमती नव्हे. इथली नर्स घुसमटते ती याच फटीत. यावर करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे: वॉर्डात नेहमी होणाऱ्या शस्त्रक्रियांची मराठी संमतिपत्रकं छापून ठेवणं. माहिती देणं हे डॉक्टरांचं काम. नर्सने ‘रुग्णाला मराठीत समजावलं का, कुणी, किती वाजता’ एवढी ओळ नोंदीत घालायची आणि ते झालेलं नसेल तर अंगठा न घेता डॉक्टरांना बोलवायचं.

तिसरी गाठ पिग्मीची. रोज दुकानोदुकानी फिरून ठेव गोळा करायची ही पद्धत कर्नाटकातच, उडुपीच्या बाजूला, १९२८ साली सुरू झाली. आपल्या बाजारात पिग्मीवाला म्हणजे घरचाच माणूस. शहापूर-वडगावातला यंत्रमागवाला त्याच्याकडे रोजचे शंभर रुपये देतो ते संस्थेचा ताळेबंद वाचून देत नाही, त्या माणसाचं तोंड बघून देतो. त्याला वरून सांगितलं जातं, ‘बँकेसारखंच सुरक्षित आहे म्हणून सांग.’ ते खरं नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे आणि फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपये आहे. पतसंस्था आणि सौहार्द (कर्नाटकातल्या वेगळ्या कायद्याखालच्या सहकारी) संस्थांतल्या ठेवींना हा विमा लागू नाही. हे माहीत असलेला पिग्मी एजंट काय करतो? ज्या ओळखीच्या घरांत जायला त्याला लाज वाटते ती घरं टाळतो. म्हणजे त्याचा सगळ्यात भरवशाचा धंदाच आटतो. टार्गेट चुकतं, दबाव वाढतो, मग तो अनोळखी गल्लीत जास्त मोठी आश्वासनं द्यायला लागतो.

टार्गेटचा दबाव आणि खोटं यांचं नातं मोठ्या बँकांतही तसंच आहे. वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेत कर्मचाऱ्यांनी विक्रीचे आकडे गाठायला ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. तोवर सुमारे ५३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकलेलं होतं. टार्गेट वरून आलं आणि नोकऱ्या बहुतेक खालच्यांच्या गेल्या, हे लक्षात ठेवा.

आणि ऊस. काट्यावर बसलेला कारकून ज्याची ट्रॉली मोजतो तो त्याच्याच गावचा असतो. पाचट, वाढं, माती यांच्या नावाखाली वजावट किती धरायची, हे तोंडी ठरत असेल, तर २० टनांच्या खेपेवर १ टक्का म्हणजे २०० किलो. टनाला ३३०० रुपये धरले तर खेपेमागे ६६० रुपये. दिवसभरात तो किती जणांच्या डोळ्याला डोळा द्यायचं टाळतो, मोजा. मान खाली घालून भराभर मोजणारा कारकून रिकाम्या गाडीचं वजन चुकीच्या नंबरापुढे टाकतो आणि मग काट्यावर भांडण होऊन गाड्यांची रांग रस्त्यावर येते. वजावटीचा दर लेखी, फलकावर, मराठी आणि कन्नडात लावला, तर कारकुनाच्या मानेवरचं अर्धं ओझं उतरतं. काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून फेरपडताळणी लागते. तो दाखला शेतकऱ्याला दिसेल असा टांगावा. निपाणीत विड्या मोजून घेताना ‘छाट’ (सदोष म्हणून बाद केलेल्या विड्या) काढणाऱ्या चेकरची गोष्ट हीच, फक्त तिथे समोर गल्लीतली बाई असते.

त्या क्षणी काय करायचं

परत तपासणीच्या टेबलाशी येऊ. सुपरवायझरचा हात खांद्यावर आहे.

पहिली गोष्ट, चुकीचा तो तुम्हीच तर नाही ना, हे विचारून घ्या. ‘दादा, पार्टीकडून डेव्हिएशन आलंय का?’ डेव्हिएशन म्हणजे ठरलेल्या मापापासून किंवा दोषाबाबत ग्राहकाने दिलेली लेखी सूट. कधी कधी ते खरंच आलेलं असतं आणि ते खाली पोचलेलं नसतं. असेल तर सर्टिफिकेटवर त्याचा क्रमांक घाला, सही करा, विषय संपला. प्रत्येक मतभेद नैतिक नसतो. पद्धत आवडत नाही, वरिष्ठ आवडत नाही, म्हणून तत्त्वाची ढाल पुढे करू नये. त्याने खऱ्या वेळी तुमच्या ‘नाही’ची किंमत कमी होते.

डेव्हिएशन नसेल तर भांडणाचं मोजमापात रूपांतर करा. ‘एक तास द्या, बघून सांगतो.’ संशयित नग साफ करून त्यावर डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा लाल रंग) मारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, पुसा, डेव्हलपर (आतला रंग वर ओढणारा पांढरा थर) मारा. भेग किंवा पृष्ठभागापर्यंत आलेली पोकळी असेल तर लाल रेघ किंवा ठिपका वर येतो. पुट्टीवर ही चाचणी फसवते, म्हणून आधी पुट्टी उकरून काढायची, हे विसरू नका. एक नग कापून आतली पोकळी बघा. हवेच्या दाबाखाली पाण्यात बुडवून बुडबुडे बघा. मग वाद ‘तू माझं ऐकत नाहीस’ असा राहत नाही, समोर कापलेला तुकडा असतो. सुपरवायझरलाही वर सांगायला कारण मिळतं. त्याची मान वाचली तर तुमचं काम होतं.

तिसरा रस्ता शोधा. १२० पाठवायच्या की ट्रक थांबवायचा, हे दोनच पर्याय कधीच नसतात. १११ पाठवा, ९ मागाहून. किंवा नऊ नगांचे फोटो पाठवून ग्राहकाकडे डेव्हिएशन मागा. ग्राहकाला नऊ नग कमी आलेले चालतात. चार पुट्टीचे नग सापडले की तो सगळा लॉट अडवतो. मग डेबिट नोट (ग्राहकाने नुकसान आपल्या बिलातून कापल्याचा कागद), तिथे माणसं पाठवून शंभर टक्के सॉर्टिंग, परत आणायचं भाडं, बदली माल आणि पुढच्या वर्षभर प्रत्येक लॉटवर संशय. हा हिशेब मालकापुढे रुपयांत मांडायला शिका. नीतीची भाषा ऐकायला वेळ नसलेला माणूसही डेबिट नोटची भाषा ऐकतो, आणि बहुतेक मालकांना मुळात वाईट माल पाठवायचा नसतो. त्यांच्यापर्यंत नऊचा आकडा आलेलाच नसतो.

तरीही ‘सही कर’ असाच हुकूम आला तर जे पाहिलं तेवढंच लिहा. ‘वरिष्ठांच्या सूचनेवरून’ असं लिहून खाली सही केली तरी सही तुमचीच राहते. त्याने सुटका होत नाही. रोजच्या स्वतःच्या वहीत तारीख, वेळ, लॉट, हीट नंबर, काय सांगितलं, तुम्ही काय केलं, एवढं लिहून ठेवा. मेसेज करायचा तर एका ओळीत, बिनरागाचा: ‘लॉटमधील ९ नगांत ब्लो होल आहेत, बाजूला ठेवले आहेत, पुढची सूचना द्यावी.’ कंपनीचे ड्रॉइंग, ग्राहकांची माहिती घरी नेऊ नका. त्याने तुमचीच बाजू दुबळी होते.

जिवाशी खेळ असेल तिथे एक तास मागायचा नसतो. पॉवर प्रेसचा गार्ड किंवा सेन्सर काढून गिनती वाढवायला सांगितलं, तर मशीन बंद ठेवायचं. चुकीचं औषध, उघडी वायर, विषारी वायूची टाकी, इथेही तेच.

बाहेरची दारं कोणती, तीही माहीत असावीत, जरी बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. यंत्र आणि सुरक्षेसाठी राज्याचं कारखाने व बाष्पके खातं, पगार आणि ओव्हरटाइमसाठी कामगार खातं. ओव्हरटाइमला दुप्पट दर हा १९४८ च्या कायद्यापासूनचा नियम नव्या कामगार संहितेतही कायम आहे. सरकारी कामात लाच मागितली तर कर्नाटकात लोकायुक्त. मधली काही वर्षं हे काम एसीबी या लाचलुचपतविरोधी शाखेकडे होतं, ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण ती बळजबरीने द्यावी लागली असेल आणि ७ दिवसांत कळवली तर संरक्षण आहे. कंपनीतर्फे बिलं पास करायला ‘पाकीट’ घेऊन जाणाऱ्या पोराने हे सात दिवस पाठ करून ठेवावेत. दोन्ही राज्यांत शाखा असलेली सहकारी संस्था २००२ च्या बहुराज्य कायद्याखाली येते. तिथल्या ठेवीच्या तक्रारीसाठी २०२३ च्या दुरुस्तीने सहकार लोकपालाची सोय झाली. शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा बँकांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज घेतलेल्या कंपनीत तक्रारीची अंतर्गत यंत्रणा असणं २०१३ च्या कंपनी कायद्याने बंधनकारक आहे. उद्यमबाग-मच्छेतले बहुतेक कारखाने त्याहून लहान. त्यांना कायदा भाग पाडत नाही, म्हणून मालकाने स्वतः काही बसवावं लागतं.

मालकाने काय बसवावं

एक बदल बाकी सगळ्यांहून जास्त उपयोगी पडतो: तपासनीसाची रजा, पगारवाढ आणि कामाचा शेरा प्रॉडक्शनच्या माणसाच्या हातात ठेवू नका. दहा माणसांच्या युनिटमध्ये वेगळा क्वालिटी मॅनेजर परवडत नाही, मान्य. मग तपासनीस थेट मालकाला उत्तर देऊ दे. एवढं केलं की खांद्यावरच्या हाताचं वजन निम्मं होतं.

मग महिनाअखेर बघा. महिन्याचा निम्मा डिस्पॅच शेवटच्या पाच दिवसांत होत असेल, तर घुसमट तुमच्या वेळापत्रकातच पेरलेली आहे. दर आठवड्याला डिस्पॅच ठेवला की एकाच संध्याकाळवर सगळा भार येत नाही. इन्सेंटिव्ह पाठवलेल्या नगांवर देऊ नका. ग्राहकाने स्वीकारलेल्या नगांवर द्या, महिनाभर उशिरा गेला तरी चालेल.

‘नाही’ म्हणणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर द्या, हो किंवा नाही, कारणासकट आणि त्याच्या भाषेत. उत्तर न देणं सगळ्यात वाईट. माणूस विरोधात गेलेला निर्णय पचवतो; न मिळालेलं उत्तर त्याला रात्री जागं ठेवतं. आणि ज्याने लॉट अडवला त्याला पुढच्या आठवड्यात रात्रपाळीला टाकू नका. खरंच पाळीचा नंबर आलेला असला तरी. शॉपवरची बाकी तीस माणसं त्या एका पाळीकडे बघत असतात आणि त्यावरून पुढचं वर्षभर काय बोलायचं, ते ठरवतात.

दरवाजाजवळ एक वही टांगली तरी पुरते. तारीख, वेळ, काय अडलं, कुणी सांगितलं, काय ठरलं, सही. मराठी, कन्नड, हिंदी, जी येईल त्या भाषेत. त्या २८ तारखेची ओळ अशी असावी: ‘१२० पैकी १११ पास. ९ बाजूला, त्यात ४ पुट्टी. एक कापला, पोकळी ६ मिमी. डेव्हिएशन मागितलं, उत्तर बाकी. ट्रक १११ घेऊन गेला, वेळ ७.१०. कोअर ओव्हनची तपासणी उद्या सकाळी.’